वसंताच्या जावळाबद्दल

अंबड,
१४ फेब्रुवारी १९९९

कारभारीदादांना बेबीनंदाचा नमस्कार.

जावळ काढायच्या आधीच औषधाने गळून गेलेले आणि वर्षभराने पुन्हा उगवलेले केस जावळ धरायचे की नुसते केस? दादा, याचं उत्तर मला येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. पण बी.एस्सी.ला आम्हाला पेशी होत्या, बेडूक होता. जावळ नव्हतं.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आई बरी आहे, म्हणजे रोज कुणाशी तरी भांडते. भुजंगदादा ठीक. तुमची बहीण, आमच्या दुर्गावहिनी, ‘मला काय व्हायलंय’ म्हणतात आणि तुमच्या मंठ्याची एस.टी. वाजली की हातातलं काम थांबवतात. (हे मी कळवलं असं त्यांना सांगू नका.) तुमचा भाचा वसंता पहिलीत आहे. औषध बंद होऊन वर्ष झालं, आता वर्षातून एकदाच दाखवायला या, असं डॉक्टर गेल्या महिन्यात म्हणाले. ते ऐकून आम्ही चौघंही दवाखान्याच्या पायरीवर नुसते बसून राहिलो, आणि आमची गाडी चुकली.

खरं सांगू, ते दिवस फार वाईट होते, तरी मला अलीकडे सारखे आठवतात. मुंबईची ती धर्मशाळा, एका ओळीत सोळा स्टोव्ह, वहिनींच्या ठेच्याने शेजारच्या बिहारी बाईंच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी आणि तरी तिने रोज पुढे केलेली वाटी. वसंता अडीच वर्षांचा होता, पण सुयांना त्याने आपल्या एस.टी.ची नावं ठेवली होती. सलाईन म्हणजे सगळ्या थांब्यांची गाडी. पाठीच्या मणक्यातली सुई म्हणजे जालना जलद. ‘जलद’ आली की तो वहिनींचा हात धरायचा आणि वहिनी माझा. माझा हात धरायला कुणी नसायचं, म्हणून मी भिंतीवरची सूचना वाचायचे. ती अजून पाठ आहे.

घरी आलो की आईचं राज्य. ‘सगळं उकळून द्या’ एवढं तिने ऐकलं आणि पाणी, चमचे, वाट्यांबरोबर वसंताचा लाकडी बैलही उकळला. बैलाचा रंग गेला, एक शिंग गेलं. मी दारावर पाटी लावून पांढऱ्या पेशींचा आकडा खडूने लिहायचे. लोकांना शास्त्र कळावं हा हेतू. शेजारचे अप्पाराव कापसाचे व्यापारी, ते तो आकडा मोंढ्यातल्या भावासारखा वाचायचे. साठ हजारांवरून आकडा उतरायला लागला तसे हळहळले. मी बाहेर जाऊन समजावलं की यात उतरला म्हणजे चांगलं. पुढे औषधांनी तो नऊशेवर आला तेव्हा ते पेढे घेऊन आले, आणि मला पुन्हा सांगावं लागलं की आता चढला तर चांगलं. "बेबीनंदा, एक काय ते बराबर सांग," म्हणाले. तेव्हापासून ते माझ्या पदवीकडे जरा संशयानेच बघतात.

आणि त्यातच तुमचा दिवस आला. तिसऱ्या वर्षी चैत्रात जावळ, हे बारशालाच ठरलेलं. पोरगं आजारी पडल्यावर तो दिवस रद्द झाल्याचं तुम्हाला कळवायला हवं होतं, ते कुणालाच सुचलं नाही. तुम्हाला फक्त ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगितलेलं, कारण रोगाचं नाव घरात काढायचं नाही हा आईचा हुकूम. तुम्ही एका हातात नवे कपडे, दुसऱ्या हातात बोकडाची दोरी घेऊन दारात उभे. समोर वसंता, डोक्यावर एक केस नाही.

"मुंबईत उरकलं का जावळ? मामा मेल्ता का?"

आई एवढंच म्हणाली, "पाणी तर घ्या." तुम्ही कपडे उंबऱ्यावर ठेवले आणि आल्या गाडीने परत गेलात. (बोकड राहिला. ‘हात धुवून आत या’ ही माझी पुठ्ठ्याची पाटी त्याने संध्याकाळपर्यंत खाल्ली.)

समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं. मी आठ पानांचं पत्र लिहिलं, लाल आणि निळ्या पेन्सिलीने पेशींच्या आकृत्या काढल्या. केसांचा उल्लेख राहून गेला. तुमचं कार्ड आलं : ‘शास्त्र समजलं. मामाचा मान कुठं गेला ते त्यात सापडलं न्हाई.’ चूक माझी होती, दादा. हे लिहायला मला चार वर्षं लागली.

मग भुजंगदादाने सगळं सांगितलं, तेव्हा तुम्ही रक्त द्यायला थेट मुंबई गाठलीत आणि एकच बाटली घेतली म्हणून डॉक्टरांवर रागावलात. पण तो दवाखाना, आमचा उंबरा नव्हे. "नवे केस आले की जावळ माझ्या मांडीवर. तवर तुमच्या उंबऱ्याला पाय न्हाई लावणार," म्हणालात. नवे केस आले, दाट आले, आणि वहिनी म्हणाल्या, "त्या डोक्याला वस्तरा न्हाई लागणार. मी ते डोकं तसं एकडाव पाह्यलंय." दोघांचंही मला पटतं, हीच पंचाईत. भाऊबीजेला वहिनी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळतात. वसंता विचारतो, मामा तिथं राहतो का?

मी नवस, मानपान यांच्या विरुद्ध आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. यावर मी कॉलेजात भाषणही केलं होतं. तेव्हा या सगळ्याचा विचार शांतपणे, शास्त्राला धरून करावा, एवढीच विनंती. मामींना नमस्कार.

तुमची,
बेबीनंदा

ता. क. : विनंती खरं तर तेवढीच नाही. येत्या रविवारी जेवायला या. वस्तरा आणू नका. बोकडही नको, पहिलाच अजून आहे आणि वसंता त्याला शाळेची कविता शिकवतो आहे.

ता. क. २ : जावळ झेलायचा मान आत्याचा, हे मला आईने सांगितलं होतं आणि मी हसले होते. मुंबईत रोज सकाळी वसंताची उशी मी झटकायचे. गळलेले केस टाकून दिले असं वहिनींना सांगायचे, स्वतःलाही स्वच्छतेचं कारण सांगायचे. टाकले नाहीत. माझ्या ओढणीत जमवले आणि कागदात बांधून पेटीत ठेवले. जन्मापासूनचे, वस्तरा न लागलेले. काल वहिनींना दाखवले. त्यांनी पुडी पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "दादाला पाठव." ती पुडी मी या पाकिटात घातली आहे. पत्र आलं की तुम्ही ओट्यावर बसून आधी पाकीट मांडीवर रिकामं करता, मग चष्मा शोधता, असं वहिनी म्हणतात. म्हणजे तुम्ही इथवर वाचलंत तेव्हा जावळ मामाच्या मांडीवर पडून गेलेलं आहे.