डावखुऱ्या गिटारच्या तारा

दादा,

माझ्या गिटारच्या तारा चुकून उलट्या लागल्या नव्हत्या. मी डावखुरी आहे, म्हणून मीच त्या तशा लावून घेतल्या होत्या. तू मला न विचारता त्या ‘सरळ’ केल्यास, वर आईला सांगितलंस की हिला एवढंही कळत नाही!

आज क्लासमध्ये सगळ्यांसमोर पहिलीच कॉर्ड धरली आणि भांडी पडल्यासारखा आवाज आला. सगळे फिदीफिदी हसले.

तारा बदलायला दुकानात जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. पण पुन्हा गिटारला हात लावलास तर याद राख.

लहानपणी बाबा माझ्या डाव्या हातातली पेन्सिल हिसकावून उजव्या हातात कोंबायचे, तेव्हा माझ्याआधी तुला रडू फुटायचं. आता तूच बाबा झालायस.