रॉयसच्या माघारी ओपल

सिडेलिया, मिझुरी
९ सप्टेंबर

चि. रॉयस यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि. आम्ही सगळे खुशाल. नौदलाच्या प्रशिक्षणात फोन जवळ ठेवू देत नाहीत, हे एका परीने बरंच झालं. तुझं अक्षर मी तिसरीनंतर पाहिलंच नव्हतं. अजून तसेच कोंबडीचे पाय आहेत.

तुम्हा मुलांचे घरचे कपडे तळावरून खोक्यात भरून परत पाठवतात ना, ते खोकं मंगळवारी आलं. बाबा चाकू आणेपर्यंत ओपलने ते फाडलं, आत शिरली आणि तुझ्या निळ्या सदऱ्यावर अंग टाकून झोपली. तू गेल्यापासून ती दाराच्या मुठी फिरवत खोल्या धुंडाळत होती. नीट झोपलेली पहिल्यांदाच पाहिली. आजी म्हणते, ही मांजर कसली, बिबट्याची धाकटी मेहुणी आहे. मी म्हटलं, हिचा आजा आफ्रिकेतला रानबोका, बिबट्या नव्हे. तर म्हणाली, सोयरिकीत इतकं खोलात कोण शिरतं.

पोटभर जेवत जा आणि साहेब ओरडले तर उलट बोलू नकोस. पत्राला उशीर केलास तरी चालेल, विसरू नकोस म्हणजे झालं.
तुझी आई,
लोरीन


प्रशिक्षण तळ
१८ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं. पाय सोलवटलेत, बाकी ठीक. शेजारच्या खाटेवरचा मुलगा मैत्रिणीचा फोटो बघतो आणि मी ओपलचा, म्हणून सगळे मला हसतात.

तिला दुपारी बाथटबमध्ये पाणी भरून दे, त्यात खेळते. कोंबडी कच्चीच दे, हाडांसकट. पट्टा बांधून बाबांनी तिला अंगणात फिरवावं. तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघू नका आणि ओरडू नका, ती साधी मांजर नाही. गाडीसाठी साठवलेले पैसे मी उगाच नाही तिच्यावर घातले. पुढे नेमणूक होईल तिथे घर घेऊन तिला नेईन. जहाजावर मांजर चालत नाही हे माहीत आहे, पण मी काय कायम जहाजावरच असणार?

आजीला नमस्कार. सगळ्यांनी आठवण ठेवावी, ओपलने जास्त.
तुझा,
रॉयस


सिडेलिया
३० सप्टेंबर

चि. रॉयस यास,
अ. उ. आशीर्वाद. एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती पोटात ठेवून मला घास जात नाही. तुझे ते कपडे मी धुतले. घामट वास येत होता, तू येशील तेव्हा घडी घालून तयार असावेत, एवढंच मनात होतं. ओपल तेव्हा बाबांबरोबर अंगणात होती. परत आली, रिकामं खोकं हुंगलं आणि असा आवाज काढला की आजीने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

तेव्हापासून ती घरभर मुततेय. तुझ्या गादीवर, सोफ्यावर, बाबांच्या बुटांत. पडदे तर राहिलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले आजार काही नाही, ही जात एका माणसाला धरून असते. परवा आजी खुर्चीतून उठताना तिच्या शेपटीवर पाय पडला आणि ओपलने तिचा हात फाडला. आजीला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, रक्त थांबता थांबेना, टाके घालावे लागले. बाबांनी तिचा पिंजरा माळ्यावरून खाली काढला आहे, म्हणजे त्यांचं ठरलं आहे.

गावात बेवारशी कुत्र्यामांजरांचं आश्रयघर आहे, तिथे विचारलं. रानरक्ताची मांजर ते कुणाला देत नाहीत, इंजेक्शन देऊन संपवतात. रानटी जनावरं सांभाळणारे म्हणतात, ही तर पाळीव. मी काय करू ते तूच सांग.

पोरा, रागावलास तरी लिही.
आई


प्रशिक्षण तळ
८ ऑक्टोबर

आई,
कपडे कशाला धुतलेस? तुला कुणी सांगितलं होतं? मी येईपर्यंत ओपलला कुठेही पाठवायचं नाही. ती माझी आहे. एवढे दिवस थांबता येत नाही का तुम्हाला?

वेळ नाही.
रॉयस


सिडेलिया
२४ ऑक्टोबर

चि. रॉयस यास,
अ. उ. आशीर्वाद. ओपल जिवंत आहे, हे आधी वाच. पण ती आता इथे नाही.

तुझ्या पत्रात आजीच्या हाताची चौकशी नव्हती. तिला वाचून दाखवताना ती मी माझ्या मनाने घातली. ती खूश झाली, म्हणून नंतर खरं सांगवलं नाही. त्याच आठवड्यात ओपल पुन्हा तिच्या अंगावर आली, आणि मग मी थांबले नाही.

आर्कान्सासच्या सीमेजवळ व्हर्ना म्हणून एक बाई आहेत. अशी घरातून काढलेली अर्धी रानटी मांजरंच सांभाळतात, उंच जाळीच्या आवारात. बाबा तिला घेऊन गेले आणि येताना वाटेत दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबले. ते रडले असं मी लिहिलं तर म्हणतील खोटं आहे, पण रडले.

आधी ती अन्नाला तोंड लावेना. आता व्हर्नाबाईंच्या हातून मांस घेते. त्या म्हणतात, मुलाला यायचं तर येऊ दे, मी अडवणार नाही. पण भेटून परत निघून गेला, तर ती पुन्हा वाट बघत बसेल, आणि पुन्हा खाणं सोडलं तर मला सावरता येईल असं वाटत नाही. काय करायचं ते तू ठरव.

तुझा राग माझ्यावरच राहू दे, मला तो पेलेल. मात्र घरी यायचं टाळू नकोस.
आई


नवा तळ
९ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मित्राकडे जातो म्हणून बाबांची गाडी घेतली, पण गेलो होतो व्हर्नाबाईंकडे. तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहितो.

गाडी फाटकाबाहेर लावली. ओपल जाळीतल्या उंच फळीवर होती. अंगाने चांगली भरली आहे. गाडीचा आवाज ऐकून उठली आणि रस्त्याकडे बघत राहिली. व्हर्नाबाई म्हणाल्या, कुठलीही गाडी आली की ती अशीच उठते. मी गोठ्याच्या आड उभा होतो. हाक मारली असती तर जाळीला येऊन भिडली असती, हे मला माहीत होतं. बऱ्याच वेळाने ती खाली बसली आणि पाय चाटू लागली. मग मी निघालो.

तू तिला घालवलंस, असं मी मनात धरून बसलो होतो. तिला सोडून गेलो मी, तेही हसत, बॅग भरून. मला मांजर हवी होती. तिला मी हवा होतो, हे तिला विकत घेताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तुझा लोभ माझ्यामुळे उणा झाला असेल, तर तो पूर्ववत करावा.
तुझा,
रॉयस