चौथ्या क्रमांकाची पेटी

प्राग, २४ ऑक्टोबर १९३२

प्रिय ओतिल्का,

तू भाजून पाठवलेले गोड कोलाचे पोचले. वाटेत दोन चुरले होते, ते आधी खाल्ले. आईचा खोकला कसा आहे? "प्राध्यापकसाहेब मेलेल्यांना वेळ देतात, जित्यांना कधी देणार?" हा तुझा टोमणाही पोचला. उत्तराला तीन आठवडे लागले, ते कामामुळे नव्हे.

अकरा वर्षांपूर्वी रेल्वेसाठी गावची जुनी दफनभूमी हलवली, ते आठवत असेल. तापाच्या साथीत गेलेले सात पुरुष एकाच खड्ड्यात, ना खूण ना नाव. मी शरीररचना विभागात नवा होतो. बाबा कोणते ते मी ओळखायचं आणि उरलेले सहा आमच्या संग्रहाला द्यायचे, असं पाद्रीबाबांनी ठरवलं. आई कडेला उभी होती. म्हणाली, "हायनेक, डावा पाय बघ रे. गाडीवरून पडले तेव्हा मोडला, तो वाकडाच बसला."

"बघितला, आई. हेच बाबा."

बघितला नव्हता.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी त्या संग्रहातल्या चौथ्या पेटीतली हाडं धूत होती. मी तेव्हा फक्त कवट्यांची मापं घेतली होती; बाकीची हाडं मातीसकट तशीच पडून होती. ती म्हणाली, "सर, याची डावी नडगी बघा. लंगडत असणार बिचारा. कोण हो हा?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

काल इथवर लिहून थांबलो. पुढे 'घाईत चूक झाली' असं लिहिणार होतो. घाई नव्हती. खड्ड्यातल्या सातांपैकी दोघे उंचीने बाबांशी जुळत होते, चौथा आणि सहावा. चौथ्याची कवटी अखंड होती, ती मला संग्रहासाठी हवी होती. म्हणून आईला फुटक्या कपाळाचा सहावा दाखवला. चौथ्यावरच्या निबंधाने मला ही खुर्ची मिळाली. बाबांच्या डोक्याची लांबी-रुंदी त्यात मिलिमीटरमध्ये छापलेली आहे.

आणि आई दर रविवारी नव्या कबरीपाशी बसून त्या परक्या माणसाला घरच्या बातम्या सांगते. त्याच्याशेजारी स्वतःसाठी जागा राखून ठेवलीय तिने. तो कोणाचा कोण, आता कधीच कळणार नाही.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मीच सांगेन. तोवर तिला काही बोलू नकोस.

मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीने येतो. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस. बाबांचं वजन आता फार नाही, मी उचलून आणेन.

हायनेक