सूनबाई गेली की जाऊन राह्यली

मंगळवार, ८ एप्रिल २०२५

जोयाला शून्य दिलं. दहापैकी शून्य! बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची अंतर्गत परीक्षा — वीस गुण, पास व्हायला आठ. पहिल्या प्रश्नात तिला सहा आहेत, म्हणजे दोन गुणांनी गेली. बदरुद्दीन टेलरची पोरगी, वर्गात सगळ्यात जास्त वाचणारी. पण दुसरा प्रश्न होता ‘देशमुखांचे स्वभावचित्र रेखाटा’ आणि ही लिहिते — देशमुख निर्दय आहेत. शंभर वर्षं जुनी कादंबरी. तीस वर्षं मी शिकवतोय, तिच्यावरच्या माझ्या मार्गदर्शक पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. त्यात छापलंय: देशमुख असहाय आहेत. पान ४२.

बुधवार, ९ एप्रिल

जोया स्टाफरूममध्ये आली. रडली नाही, भांडलीही नाही. गुणांची यादी १७ तारखेला विद्यापीठात जाते, नापास राहिली तर यंदा बी.एड.चा फॉर्म भरता येणार नाही — हे तिलाही माहीत आहे. पण त्यातलं काही बोलली नाही. सरळ कादंबरी उघडून वाक्यावर बोट ठेवलं. म्हातारी मोलकरीण ओसरीवर येऊन सांगते, ‘धनी, सूनबाई जाऊन राह्यली.’ देशमुख बोलत नाहीत. अडकित्ता उचलतात, सुपारी कातरतात.

मी म्हटलं, बरोबर. सून घर सोडून गेली, तिकडंच राहिली. आता म्हातारा करणार काय? दुःख गिळतो. सूर करुण, आशय नियतीचा. इतकं सोपं आहे.

‘सर, गेली नाही ना ती. जाऊन राह्यली. अजून अंगणातच हाय. ह्यायनं उठून नुसतं थांब म्हटलं असतं तं थांबली असती. हे सुपारी कातरत बसले.’

मी म्हटलं, साहित्यात बोलीचा अर्थ असा घ्यायचा नसतो. पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. तिला जा म्हटलं. चहा गार झाला तो वेगळाच.

गुरुवार, १० एप्रिल

शेलूबाजारला साडूकडे गेलो होतो. परत येताना स्टँडवर मदनसिंग जीपवाला ओरडत होता, ‘मंगरूळ, मंगरूळ! गाडी निघून राह्यली!’ मी पिशवी सांभाळत पळत सुटलो. पळता पळता डोक्यात आलं — पान ४२ प्रमाणे गाडी कधीच गेली, मग मी पळतोय कशाला?

गाडी पुढची वीस मिनिटं तिथंच उभी. मदनसिंगला विचारलं, ‘निघून राह्यली म्हणजे गेली का रे?’

‘सर, तब्येत बरी हाय ना?’

शुक्रवार, ११ एप्रिल

मंजुषा भाजी फोडणीला टाकत होती. विचारलं, ‘सूनबाई जाऊन राह्यली म्हणजे काय गं?’

‘म्हणजे जाऊन राह्यली. कायले पुसता?’

‘म्हणजे गेली?’

‘गेली असती तं गेली म्हटलं असतं ना! सरका तिकडं, तेल उडते.’

झालं. जातेय, गेलेली नाही. नवऱ्याची ह्याच कादंबरीवरची पीएच.डी. चुलीपुढं निकालात. सून अजून अंगणात असेल तर देशमुख असहाय नाहीत. सूर करुण नाही, थंड आहे. नियती वगैरे तर कुठल्या कुठं — एका माणसानं उठायचं नाही असं ठरवलं, एवढाच आशय उरतो. मोलकरणीच्या भाषेला मी ‘विनोदनिर्मिती’ म्हटलंय, तेही पान ४२ वरच. ती बिचारी मालकाला उठवायला आली होती.

अकरा आवृत्त्या. किती पोरांनी पाठ केलं असेल. लाज वाटते.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत उत्कर्ष भेटला, माझा जुना विद्यार्थी, आता तलाठी. पाया पडला. ‘सर, तुमचं पुस्तक नसतं तं मी पास झालो नसतो.’ बरं वाटायला हवं होतं.

मंगळवार, १५ एप्रिल

सहाचे चौदा केले. जोयाला बोलावून सांगितलं — बेरजेत चूक झाली होती.

तिनं पेपर उलटसुलट पाहिला. ‘सर, शून्यात बेरीज कशी चुकली?’

‘पास झालीस ना? जा, फॉर्म भर.’

‘भरतो ना. पण उद्या मी शिकवाले लागली तं पोरायले काय सांगू? पान ४२?’

डोक्यात तिडीक गेली. हुशार आहे हे मान्य, पण तोंड फार. अब्बांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून शिकली असणार. उपकार मानायचे सोडून मलाच प्रश्न.

उपकार कसले म्हणा.

बुधवार, १६ एप्रिल

यादीवर सही केली नाही. प्राचार्यांचे दोन फोन.

गुरुवार, १७ एप्रिल

सांगून टाकलं. सगळ्या वर्गापुढं. पान ४२ चूक आहे, जोयाचं उत्तर बरोबर आहे. तिच्या पेपरावर लाल शाईनं लिहिलं — ‘गुण परीक्षकाच्या चुकीमुळे बदलले’ — आणि सही केली. मग यादीवर सही. प्रकाशकालाही कळवलं, तो म्हणे, कशाला उगाच, पुस्तक चालून राह्यलं ना सर?

एकानं विचारलं, ‘सर, इतकी वर्षं तुमच्या लक्षात कसं नाही आलं?’ मी म्हटलं, ‘तेव्हा मला हे समजलंच नव्हतं.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. जोया मोकळं हसली. फार हलकं वाटलं. घरी येऊन दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या.

शुक्रवार, १८ एप्रिल

वर्गात खोटं बोललो. ह्या वहीतही.

मले माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. माही माय अनसिंगले दुसऱ्यायच्या वावरात निंदाले जाये, ह्याच बोलीत बोले. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेले बाहेरून आलेल्या सायबानं हसत पुसलं, ‘जाऊन राह्यली म्हणजे गेली, असंच ना?’ माय नवं लुगडं नेसून मागच्या खुर्चीवर बसली होती. मी म्हनलं, ‘हो सर, गेली.’