खत्तच्या पाण्यातले तांदूळ

४ जानेवारी १९६३, शुक्र. रास अल खैमा.
बाळ जाऊन तीन महिने. त्यानंतर आज प्रथमच जुबैदा आपणहून बोलली. "मला गावी पाठवा. रोजे तिथंच धरीन."
"बरं," म्हणालो. 

६ जाने.
१९ तारखेची बोट, दुबईहून. एक तिकीट. परत कधी, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं असतं तर…

९ जाने.
कडाक्याची थंडी. ऑफिसात सगळे कोट घालून बसलेले. ड्रायव्हर मुराद म्हणतो, वर डोंगरात पाणी गोठलंय. "खत्त चलो साब, जमीन से गरम पानी निकलता है. भाभी को भी लाओ."
वाटलं, नाही म्हणेल. पण तिच्या माहेरी, रत्नागिरीकडे, असंच कुंड आहे. "कधी?" एवढंच म्हणाली.

११ जाने., शुक्र.
खत्त. डोंगराचा पायथा, खजुरी, वाफ. बायकांचं पाणी भिंतीपलीकडे. मी नि मुराद अलीकडे, गळ्यापर्यंत पाण्यात. कान गार, अंग ऊन.
पलीकडे एकदम हशा. अरब बायकांचा, आणि त्यात एक आवाज ओळखीचा. मुराद काही बोलू लागला. हातानं थांबवला.
परतताना तिच्या मांडीवर ओलं फडकं. आत तांदूळ. माहेरी कुंडात पुरचुंडी सोडली की भात शिजून निघतो. इथलं पाणी नुसतं कोमट. तांदूळ कच्चेच.
"बायका हसल्या?"
"मीपण हसले." मग खिडकीबाहेर.

१२ जाने.
ते तांदूळ घरी चुलीवर शिजवले. जरा खारट. तिनं भात दुसऱ्यांदा घेतला.

१५ जाने.
ट्रंक भरणं चाललंय. बाळाचं दुपटं ठेवलं, काढलं, परत ठेवलं.
"तिथं पाण्यात कोणाशी बोलत होतीस?"
"म्हातारी होती एक. तिला आपली भाषा येत नाही, मला अरबी येत नाही."
"मग?"
"म्हणून सगळं सांगितलं."

१६ जाने.
जेवताना म्हणालो, मलाही ऐकायचंय.
"तुम्ही 'बरं' म्हणता."
साहित्यात बी. ए. केलं मी, आणि शब्द हा एकच.

१८ जाने., शुक्र.
गाडी कामावर. निघण्याआधी परत एकदा खत्तला जायचं होतं, ते राहिलं. ती दिवसभर दारात बसून डोंगराकडे बघत होती.

१९ जाने., सकाळ.
ट्रंक ओट्यावर, दोर बांधून. बोट संध्याकाळी. स्वयंपाकघरात पातेल्यात तांदूळ, कालपासून भिजत.
"भिजवून खत्तच्या पाण्यात सोडले तर शिजतील थोडे," ती म्हणाली.
'बरं' ओठावर आलं होतं. गिळलं. "जाऊ नकोस," म्हणालो.
तिनं फडकं मागितलं. दिलं.
ट्रंक गाडीत चढली. ती चपला घालतेय, तोवर हे लिहितोय. पुरचुंडी तिच्या हातात, ओट्यावर ठिबकतेय.
बाहेरून मुराद: "पहले किधर, साब? खत्त या दुबई? यल्ला, चलो!"
तो मला विचारतोय. ती माझ्याकडे बघतेय.