नविनची झोप

प्रभाताई,

तुमच्या भावाला झोप लागत नाही म्हणून तो दारू पितो, आणि झोप उडते ती माझ्या तोंडामुळे, असं तुम्ही अख्ख्या वाढवण गावाला सांगितलंत. मग त्याला डहाणूच्या फ्लॅटवर नेलंत. खिडक्या बंद, मोबाईल बंद, कुरकुरतो म्हणून पंखाही बंद. "नसा शांत झाल्या की बाटली आपोआप सुटेल," म्हणालात. तुमच्या शाळेतल्या पोरांसारखं त्याला डोळे मिटून श्वास मोजायला बसवलंत.

बाप जन्मभर बोटीवर गेला, भाऊही जातो, तरी एवढं विसरलात? बोटीवरचा माणूस धडधडत्या इंजिनाशेजारी गाढ झोपतो. इंजिन बंद पडलं की मात्र ताडकन उठून बसतो. तुमच्या शांततेत नविन सतत दचकत राहिला आणि शेवटी स्टेशनजवळच्या बारमध्ये सापडला.

आता तो घरी आहे. जेवून आडवा होतो, मी भांडी घासत बडबडते आणि तो घोरतो. बाटलीला हात लावलेला नाही.

मी काय बडबडते? तुमच्याबद्दलच. तुमचा तोरा, तुमचं गोड बोलणं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुम्हाला न मिळालेली सुट्टी. काल घसा सुकला म्हणून थांबले, तर डोळे न उघडता म्हणाला, "बोल ना. ताईचं सांग अजून."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर माझा राग निवेल. मग तुमच्या भावाला झोपवू कशाने?

घसा बसलेली तुमची भावजय,
जयश्री