आई कुणाकडे राहणार

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून परतल्या परतल्या डोक्यावरून अंघोळ केली, तरी केसांतला सिगारेटचा वास जाईना. मी दोनच दिवस राहिले. आई तिथे कायमची राहते. जिना चढताना तिला दम लागतो, बोलता बोलता ठसका लागतो, आणि तू जेवून उठलास की तिच्याच खोलीच्या खिडकीशी उभा राहून धूर सोडतोस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरातला धूर थांबला नाही तर औषधं वाया जाणार. तुलाही बजावलं होतं म्हणे. तू मान डोलावलीस आणि बाहेर येऊन काडी ओढलीस.

सवय सुटत नाही, हे रडगाणं मला ऐकवू नकोस. माझ्या तलावावर पाण्याला घाबरणारी माणसं पोहायला शिकतात, कारण मी त्यांना रोज ठरल्या वेळी पाण्यात उतरवते. रविवारी येऊन मी आईला घेऊन जाणार आहे. तिची बॅग भरून ठेव.

इलाज नाही म्हणून तुझीच,
ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नेलंस आईला. आता गार वाटलं असेल. जिन्यात उभी राहून मला नालायक म्हणालीस, ते खालच्या मजल्यापर्यंत पोचलं. आई मधल्या पायरीवर उभी होती. तिला कुठे राहायचंय, हे तू एका शब्दाने विचारलं नाहीस.

तुझ्या नाकावर टिच्चून मी सिगारेट सोडतोय. तुझ्यासाठी नाही, तुझं बोलणं पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून. जेवण झालं की हात आपोआप खिशात जातो, म्हणून लगेच भांडी घासायला घेतो. ओल्या हातांनी काडी पेटत नाही. सकाळच्या चहाबरोबर तलफ सर्वांत जास्त येते, म्हणून घरचा चहा बंद केला. दुकानापर्यंत चालत जातो आणि तिथेच पितो. आमचा मालक आत कुणाला ओढू देत नाही. पण सिगारेटवाचून काच कापताना रेघ सरळ येत नाही. आज गिऱ्हाइकाचा मोठा आरसा माझ्या हातून वेडावाकडा तुटला. मालक नको नको ते बोलला. तुला आनंद होईल म्हणून कळवतो.

लोभ आहेच, तो वाढवायची घाई नाही.
धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सिगारेट सोडतोय असं जिथे लिहिलंस, त्याच ओळीखाली तुझ्या पत्राला जळून भोक पडलंय. पुढच्या वेळी थापा मारताना निदान राख तरी दुसरीकडे झटक.

इकडे आईचं उत्तम चाललंय. पहाटे उठवते, तलावाभोवती फेऱ्या मारायला लावते. दुपारची झोप बंद केली, रेडिओ ठरल्या वेळीच, साखर कपाटात कुलपात. ती कुरकुरते, पण कुरकुरायलाही श्वास लागतो, आणि तो आता तिच्यापाशी आहे. तुझ्याकडे नव्हता.

सुधारशील अशी आशा सोडलेली,
ताई

ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

हो, ओढली. आरसा फुटला त्या दिवशी, पत्र लिहिताना. दुसऱ्या दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा भांड्यांपासून सुरुवात केली. तुला खोटं वाटलं तर वाटू दे.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर पाळ्या केलेल्या बाईची दुपारची झोप काढून घेणारी तू कोण? मला एक व्यसन आहे, तसं तुलाही आहे: दिसेल त्याला वळण लावायचं. ते सोडायला तू कोणती भांडी घासणार आहेस?

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.
धाकटा

ता. २० एप्रिल

चि. ताई आणि चि. धाकटा,
दोघांना सारखेच आशीर्वाद.

हाच मजकूर दोघांना पाठवतेय, म्हणजे कमीजास्तीवरून भांडायला नको. काल मी ताईच्या घरून निघाले. ती तलावावर होती. समोर असती तर निघू दिलं नसतं. एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणीच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली आहे.

ताई, चालायची सवय तू लावलीस, ती मी मोडणार नाही. पण चालेन माझ्या वेळेला, आणि मागून शिट्टी नको. धाकट्या, तुझ्या घरात मला श्वास घेता येत नव्हता. हिच्या घरात सोडता येत नव्हता. तुम्ही दोघं माझ्यावरून इतकं भांडलात, पण मला चहा कसा लागतो ते दोघांनाही ठाऊक नाही.

मला न्यायला कुणीही यायचं नाही. भेटायला या, एकेकटे.

तुमची आई

ता. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. व्यायामाचा तक्ता घेऊन गेलीस आणि आईने तो घरी ठेवून ये असं दारातूनच सांगितलं, हे वाचून खूप हसलो. खोटं कशाला बोलू?

काल मी गेलो. तिने दार उघडलं, माझा हात धरला आणि बोटं नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली. मग बाजूला झाली. मला इतकं लागलं की परत फिरावंसं वाटलं, पण आत गेलो. तिने वाढलं, दुकानाचं विचारलं, तुझं नाव काढलं नाही. जेवण झाल्यावर ती आडवी झाली आणि मी खुर्चीत बसून राहिलो.

ताई, श्वास घेताना तिची छाती पूर्वीसारखी वाजत नव्हती. आधी कानांवर विश्वास बसेना, म्हणून मी पंखा बंद करून ऐकलं. तुला हे कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगणार तरी कुणाला?

राग आहे तसाच आहे.
धाकटा